कोणाची उत्तर खरी?

न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या धावपट्ट्यांचं एकेक टोक जमिनीवर नाही. १९६०च्या दशकात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा पाण्यात खांब रोवून, त्यांवर काँक्रीट टाकून धावपट्ट्या पुढे नेल्या. काँक्रीट म्हटलं की पोटात लोखंडी सळया आल्याच. त्यांच्यावरून एखादं लहान जेट विमान धावत जातं, हवेत झेपावतं, आणि थोडं वर चढतं न चढतं तोच कॉकपिटमध्ये पिवळी अक्षरं उमटतात: एचडीजी. म्हणजे हेडिंग, विमानाच्या नाकाची दिशा. कॅप्टनसमोरचा पडदा समजा १३० अंश म्हणतोय आणि सहवैमानिकासमोरचा १५०. विमान एक, नाक एक, दिशा मात्र दोन!

गंमत म्हणजे मोडलेलं काहीच नसतं. अशा विमानात पंखांच्या टोकांकडे, इंजिनांपासून आणि विजेच्या तारांपासून शक्य तितक्या लांब, पृथ्वीचं चुंबकत्व टिपणारे संवेदक बसवलेले असतात. हे चुंबकत्व इतकं क्षीण, की फ्रिजच्या दारावरचं साधं चुंबकही त्याच्यापुढे दांडगं ठरतं. हे संवेदक विमानाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर डळमळतात, म्हणून त्यांच्या जोडीला जायरो असतो. जायरो हा भोवऱ्याचा वंशज: घटकाभर अगदी स्थिर, पण हळूहळू वाट सोडणारा. संवेदक त्याला सतत उत्तरेची आठवण करून देतो, जायरो संवेदकाची धांदल आवरतो. दोघांचा संसार सुरळीत चालतो. पण धावपट्टीवर उड्डाणासाठी थांबलेल्या विमानाखालच्या सळया संवेदकाला स्वतःकडे ओढतात आणि जायरो बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवून बसतो. डाव्या आणि उजव्या पंखाखालचं लोखंड सारखं नसतं, म्हणून दोन बाजूंची फसगतही सारखी नसते.

अशा वेळी वैमानिक आधी काय करतात? विमान उडवतात. पंख समतल, चढण कायम, वेग ठीक. दिशेचा निवाडा त्यानंतर. मला या क्रमाबद्दल फार आदर वाटतो.

मग दोघांची नजर जाते तिसऱ्या साक्षीदाराकडे. समोरच्या काचेजवळ एक छोटं होकायंत्र असतं, द्रवात तरंगणारं, वीज न लागणारं. पण या म्हाताऱ्याचेही नखरे आहेत. पृथ्वीच्या चुंबकरेषा आडव्या नसतात, जमिनीत घुसतात. न्यूयॉर्ककडे तर फारच तिरक्या. त्यामुळे पूर्वेला तोंड करून वेग वाढवला, की हे यंत्र विमान उत्तरेला वळल्याचं सांगतं. उत्तरेकडून पूर्वेला वळू लागलं, तर आधी पश्चिमेला वळल्याचं दाखवतं! विमान सरळ आणि एकाच वेगानं चाललेलं असेल, तेव्हाच त्याचा शब्द प्रमाण. म्हणून आधी पंख समतल.

तरीही शंका उरली तर जमिनीवर माणूस आहे. रडारसमोरचा कंट्रोलर आकडे देणं सोडून देतो. ‘डावीकडे वळा’ म्हणतो, आणि पडद्यावरचा ठिपका हव्या त्या दिशेला लागला की ‘थांबा’. वैमानिक सेकंदाला ३ अंश या ठरलेल्या गतीनं वळत राहतो. ३० अंशांना १० सेकंद. एका माणसाचा आवाज हेच त्या विमानाचं होकायंत्र होतं. दरम्यान सळया मागे राहिलेल्या असतात, आणि बहुतेकदा काही मिनिटांत दोन्ही पडदे पुन्हा एकमतावर येतात.

एकाच यंत्रावर भिस्त ठेवली तर काय होतं, ते मुंबईनं पाहिलं आहे. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं. बिघाड हेडिंगचा नव्हता, विमान किती कललं आहे हे दाखवणाऱ्या कॅप्टनसमोरच्या यंत्राचा होता. ते उजवा कल दाखवत राहिलं, तो सुधारण्याच्या नादात विमान डावीकडे कलत गेलं. समोर काळोखा समुद्र, क्षितिज नाही. इतर यंत्रांशी ताडून पाहायला वेळ होता तो जेमतेम काही सेकंदांचा. वांद्र्यासमोरच्या समुद्रात २१३ जण गेले.

मोठ्या विमानांनी आता मुख्य हेडिंगसाठी चुंबकाचा नादच सोडला आहे, आणि मला खरी थक्क करणारी गोष्ट ही वाटते. त्यांच्या जायरोत फिरणारं चाक नसतं. काचेच्या ठोकळ्यात लेसरचे दोन किरण उलटसुलट दिशांनी धावतात. ठोकळा किंचित जरी फिरला, तरी एकाची वाट लांबते, दुसऱ्याची आखूड होते. हा परिणाम सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये दाखवला होता. आपण सामान वर ठेवत असतो, जागा शोधत असतो, तेव्हा किंवा त्याच्या थोडं आधी हे यंत्र गेटवर निश्चल बसून पृथ्वीचं फिरणं मोजतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळाच्या तासकाट्याच्या निम्म्या वेगानं. एवढ्या संथ गतीवरून हे यंत्र पृथ्वीचा आस शोधतं, आसावरून उत्तर शोधतं, अक्षांशही ओळखतं. रेखांश मात्र त्याला सांगावा लागतो. पृथ्वीच्या फिरण्यात त्याची खूणच नाही. हे चालू असताना विमान जागचं हलवायचं नाही, एवढीच त्याची अट. एअरबस ए-३२० मध्ये अशी तीन यंत्रं असतात. एक भरकटलं, तर उरलेल्या दोघांचं मत धरायचं.

पुढच्या प्रवासात विमान धावपट्टीवर वळताना खिडकीतून पाहा, टोकाला एक मोठा पांढरा आकडा दिसेल. त्याला १० नं गुणा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर बहुधा २७ असेल: २७० अंश, पश्चिम. त्याच क्षणी पुढे कॉकपिटमध्ये दोघं जण आपापल्या पडद्यावरचं हेडिंग त्या आकड्याशी ताडून पाहत असतात.