व्याज परत पाठवणारी माणसं

1960च्या जुलैत न्यूयॉर्क शहराच्या खजिनदाराकडे एक पत्र आलं, सोबत चेक. भुयारी रेल्वेसाठी शहराने क्रिस्टी स्ट्रीटवरचं एक घर ताब्यात घेतलं होतं. भरपाई द्यायला उशीर झाला म्हणून वर साडेतीन हजार डॉलरहून जास्त व्याजही दिलं होतं. ते व्याज घरमालकांनी साभार परत केलं. पैशावर पैसा घेणं आम्हाला मान्य नाही, एवढंच कारण. पत्र डोरोथी डे यांचं होतं आणि घर होतं बेघरांना आसरा देणाऱ्या ‘कॅथलिक वर्कर’ मंडळींचं. हातातोंडाची गाठ रोज कशीबशी पडत होती, तरीही.

मी मूळची वसईची, पेशाने नर्स. नोकरीमुळे न्यूयॉर्कला स्थायिक झाले. सुट्टी जमली की मॅनहॅटनच्या ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवरच्या त्यांच्या सेंट जोसेफ हाऊसमध्ये सूप वाढायला जाते. दानपेटी मी लहानपणापासून पाहिली आहे. आपण टाकतो, कुणाला तरी मिळतं, दोघांची गाठ कधी पडत नाही. इथे ती पडते. माझी नजर सवयीने आधी लोकांच्या पायांकडे जाते: ओले मोजे, सुजलेले घोटे. शेजारी गाजरं चिरणारा माणूस मदतीला आलाय की इथेच आसऱ्याला आहे, हे विचारायची पद्धत नाही. वाढणारे आणि जेवणारे यांतले काही जण एकाच छपराखाली राहतात. पगार कुणालाच नाही.

याची सुरुवात वर्तमानपत्रापासून झाली. महामंदीत, 1 मे 1933 रोजी, युनियन स्क्वेअरमध्ये ‘द कॅथलिक वर्कर’चा पहिला अंक विकला गेला. डोरोथीबाई पत्रकार, डाव्या चळवळीत वावरलेल्या, 1927 साली कॅथलिक झालेल्या. जोडीला पीटर मॉरिन, फ्रान्सच्या शेतकरी घरातले. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने परक्याला आपल्या घरात जागा द्यावी, असा त्यांचा आग्रह. अंकाची किंमत एक सेंट ठेवली, ती पुढे कधी वाढवलीच नाही. छापलं तसं वागायचं, म्हणून पाठोपाठ घरं उघडली.

त्यांचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय: भुकेल्याला जेवू घातलंत ते मलाच, असं प्रभू तिथे सांगतो. हे शब्दशः घेतलं की बाकीचं ओघाने येतं. रांगेतला माणूस प्रभू असेल, तर तो दारुडा आहे की कष्टाळू, याची चौकशी कशी करणार? आणि शत्रूही तोच असेल, तर त्याच्यावर बंदूक कशी रोखणार? दुसऱ्या महायुद्धातही हे वर्तमानपत्र युद्धाच्या विरोधात राहिलं आणि लाखाच्या वर गेलेला खप धाडकन खाली आला.

सरकारी अनुदान नको, धर्मादाय संस्था म्हणून नोंदणीही नको. दया ही माणसाने स्वतः पदरमोड करून करायची गोष्ट, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी 1972 साली करखात्याने जवळपास तीन लाख डॉलरची मागणी केली. ती पुढे मागे घेतली गेली.

घरात सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही. भांडणं होतात, वस्तू नाहीशा होतात, कुणी सूप गार आहे म्हणून वाडगा आपटतो. सुपाने गरिबी हटत नाही, हेही सगळ्यांना कळतं. डोरोथीबाईंनाही कळत होतं. म्हणून तर 1973 साली, वयाच्या 75व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या बाजूने उभ्या राहून त्या तुरुंगात गेल्या.

परवा एका सहकाऱ्याने देणगी देऊ केली आणि करसवलतीसाठी पावती मागितली. मिळत नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग निम्मीच देतो.” मला हसू आलं. पण डोरोथीबाईंच्या हिशेबाने पाहिलं तर त्याचं बरोबरच होतं: ही निम्मी तरी पुरती त्याच्या खिशातली होती.