डीफॉल्ट निर्यात, जावास्क्रिप्टमधील
जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेतील मॉड्यूलने आपला प्रमुख घटक म्हणून बाहेर उपलब्ध करून दिलेले मूल्य. हे मूल्य फलन, वर्ग, वस्तू किंवा अन्य काहीही असू शकते. अनेक मॉड्यूले बांधून ब्राउझरसाठी एकच फाइल तयार करताना हे मूल्य सार्वत्रिक नावाने कसे मिळावे, हा बांधणीतील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा तयार केली, तेव्हा तीत मॉड्यूलांची सोय नव्हती. पानावरील सर्व स्क्रिप्ट-फाइलींना एकच सार्वत्रिक नामावकाश असे व बाह्यतम पातळीवर ‘व्हार’ने घोषित केलेला चल ‘विंडो’ या वस्तूचा गुणधर्म बनत असे. त्यामुळे नावांचे संघर्ष उद्‌भवत. एक्मास्क्रिप्टच्या सहाव्या आवृत्तीने (२०१५) मॉड्यूले प्रमाणित केली. मॉड्यूलमधील नावे त्याच्यापुरतीच मर्यादित राहतात. त्यातून नामांकित निर्याती कितीही करता येतात. डीफॉल्ट निर्यात मात्र एकच असते. तांत्रिक दृष्ट्या तीही ‘डीफॉल्ट’ हेच नाव धारण करणारी एक निर्यात होय व पुढील गोंधळाचे मूळ येथेच आहे.

जुन्या पद्धतीच्या पानांसाठी बांधणी-साधने सर्व मॉड्यूले तत्काळ चालविल्या जाणाऱ्या एका फलनात गुंडाळतात आणि त्याचे फलित सार्वत्रिक नावास देतात. हे फलित कोणते असावे, याबाबत साधनांत भिन्नता आढळते. ईएसबिल्ड सर्व निर्यातींची वस्तू देते. वेबपॅकही स्वभावतः तसेच करते. तथापि निर्यात-निवडीचा पर्याय ‘डीफॉल्ट’ असा दिल्यास केवळ तेच मूल्य नावाशी जोडले जाते व नामांकित निर्याती त्या नावावरून मिळत नाहीत. रोलअप निर्यातींची संख्या व प्रकार पाहून स्वतः निर्णय घेते : केवळ डीफॉल्ट निर्यात असल्यास मूल्य थेट मिळते, सोबत नामांकित निर्यात असल्यास वस्तू मिळते.

समजा, एका लायब्ररीचे सार्वत्रिक नाव ‘पंचांग’ असून तिची एकमेव डीफॉल्ट निर्यात एक वर्ग आहे. रोलअपने बांधलेल्या फाइलीत ‘पंचांग’ म्हणजे तो वर्गच होय. पुढे लेखकाने एक लहानसे नामांकित फलन जोडले, तर ‘पंचांग’ ही वस्तू बनते व वर्ग ‘पंचांग.डीफॉल्ट’ येथे जातो. बांधणीच्या वेळी साधन केवळ इशारा देते. परंतु नवी फाइल घेणारी पाने, त्यांतील एक अक्षरही बदललेले नसता, बंद पडतात. बॅबेल या रूपांतरकाच्या सहाव्या आवृत्तीने (२०१५) कॉमनजेएस पद्धतीतील अशीच एक सवलत काढून घेतली, तेव्हा ‘रिक्वायर’ वापरणाऱ्यांनाही ‘.डीफॉल्ट’ जोडणे भाग पडले.

यावर उपाय म्हणून ब्राउझरसाठी केवळ डीफॉल्ट निर्यात असलेली स्वतंत्र प्रवेश-फाइल ठेवतात व इतर फलने त्या मूल्याचेच गुणधर्म म्हणून जोडतात. निर्यातीचा प्रकार साधनावर न सोपविता स्पष्टपणे नमूद करणे व बांधलेली फाइल प्रत्यक्ष पानावर तपासणे इष्ट ठरते. सार्वत्रिक नावाचे स्वरूप बदलणे हा लायब्ररीच्या वापरकर्त्यांशी असलेल्या कराराचा भंग असल्याने त्यासाठी आवृत्तीचा मुख्य क्रमांक वाढवितात. २०१७–१८ पासून प्रमुख ब्राउझर मॉड्यूले थेट वाचू लागल्याने नव्या पानांना सार्वत्रिक नावाची गरज कमी भासते. जुन्या पानांसाठी मात्र ही पद्धत टिकून आहे.