जीभ का हुळहुळते?

तोंड आले, जीभ हुळहुळू लागली, तिखटाचा कण सोसेनासा झाला की आपल्याकडे घरोघरी एकच निदान होते : ‘उष्णता झाली’. मग कुणी गुलकंद सुचवते, कुणी सब्जा, कुणी औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून देते. चार-आठ दिवसांत बहुतेकांना बरे वाटते आणि विषय तिथेच संपतो.

काही जणांच्या बाबतीत मात्र तो संपत नाही. वजन कमी करण्यासाठी जठर-आतड्यांवर शस्त्रक्रिया करून घेतलेली माणसे आता आपल्याही ओळखीत असतात. वजन तीस-चाळीस किलोंनी उतरलेले असते, मधुमेह आटोक्यात आलेला असतो, भेटेल तो कौतुक करत असतो. आणि अशा वेळी, शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांनी, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, ओठांचे कोपरे चिरतात, जेवणाची चव बदलते. पोटावरील शस्त्रक्रियेचा जिभेशी काय संबंध? हे समजून घ्यायला आपल्याला शाळेतला पचनसंस्थेचा धडाच पुन्हा उघडावा लागेल.

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलते?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन हे शल्यविशारद काम करत होते. अल्सरमुळे ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, त्यांचे वजन घटते आणि पुन्हा सहजी वाढत नाही, हे तेव्हाच्या डॉक्टरांना दिसत होते. या निरीक्षणाच्या आधारे मेसन आणि त्यांचे सहकारी इतो यांनी १९६६ मध्ये अतिस्थूल रुग्णांसाठी ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे तिच्यात बरेच बदल झाले.

आजच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी वेगळी करतात. ती खालच्या लहान आतड्याला थेट जोडतात. उरलेले जठर, आद्यांत्र आणि त्यापुढील आतड्याचा थोडा भाग पोटातच राहतो, पण अन्न तिथून जात नाही. जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्या जुन्या वाटेने येतात आणि अन्नाला बरेच खाली जाऊन मिळतात. दुसऱ्या प्रकारच्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. आतड्याची वाट मात्र बदलत नाही.

म्हणजे येथे केवळ अन्न कमी जाते असे नाही. अन्नावर होणाऱ्या क्रियांचा क्रमच बदलतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर या क्रमात दडलेले आहे.

जीभ ही सतत नवी होणारी जागा

आरशासमोर उभे राहून जिभेवर खाण्याचा निळा रंग कापसाने हलकेच लावावा. वर्गातही हा प्रयोग करता येईल. मात्र प्रत्येकाने स्वतंत्र कापूस घ्यावा. जिभेचा बराचसा भाग निळा होतो आणि त्यात गुलाबी ठिपके उठून दिसतात. निळा होतो तो भाग धाग्यांसारख्या बारीक अंकुरांचा. त्यांच्यामुळे जीभ खरखरीत लागते. गुलाबी ठिपके म्हणजे छत्रीच्या आकाराचे अंकुर. चव ओळखणाऱ्या कळ्या त्यांच्यावर असतात.

गरम चहा, पापडाचे तुकडे, मिरची असे काय काय या पृष्ठभागावरून रोज जाते. तो झिजतो आणि खालून सतत नव्या पेशी येत राहतात. तोंडातील अस्तर आठवड्या-दोन आठवड्यांत नवे होते. प्रत्येक नव्या पेशीसाठी आधी डीएनएची प्रत तयार व्हावी लागते. या कामाला ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल लागते. पेशींच्या वाढीला लोह, जस्त आणि इतर ब-जीवनसत्त्वेही लागतात. यांपैकी काही कमी पडले की नव्या पेशी वेळेवर येत नाहीत, अस्तर पातळ होते, बारीक अंकुर नाहीसे होतात. मग जीभ गुळगुळीत, लाल आणि हळवी होते. साधे वरणही झोंबते. ज्या ठिकाणी पेशी वेगाने बदलतात तिथे तुटवडा लवकर दिसतो. म्हणून रक्त तयार करणारा अस्थिमगज आणि तोंड ही दोन ठिकाणे बहुधा आधी तक्रार करतात.

ब-१२ चा लांबचा प्रवास

ब-१२ ना वनस्पती तयार करतात ना प्राणी. ते फक्त काही सूक्ष्मजीव बनवतात आणि आपल्याला दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. अन्नात ते प्रथिनांना घट्ट चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पेप्सिन हे विकर त्याला सोडवतात. सुटलेले ब-१२ लाळेतून आलेल्या एका प्रथिनाचा हात धरते. आद्यांत्रात स्वादुपिंडाचे विकर हे प्रथिन तोडतात. मग ब-१२ची गाठ पडते जठराच्या अस्तरातून पाझरलेल्या ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’शी, म्हणजे आंतरिक घटकाशी. ही जोडी लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जाते आणि तिथे तिचे शोषण होते.

या घटकाचा शोध बोस्टनच्या विल्यम कॅसल यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस लावला. एका घातक रक्तक्षयाच्या रुग्णांना नुसते गोमांस खाऊ घालून उपयोग होत नव्हता. कॅसल यांनी ते मांस स्वतः खाल्ले, थोड्या वेळाने आपल्या जठरातून बाहेर काढले आणि नळीवाटे रुग्णांना दिले. रुग्णांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी वाढू लागल्या. निरोगी जठरात असे काहीतरी आहे, जे या रुग्णांच्या जठरात नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

आता हा प्रवास बायपासच्या वाटेवर ठेवून पाहू. छोट्या पिशवीत आम्ल आणि पेप्सिन अगदी कमी असते, त्यामुळे ब-१२ अन्नातून नीट सुटतच नाही. आंतरिक घटक बाजूला पडलेल्या जठरातून काही प्रमाणात येतो, पण त्याची आणि अन्नाची भेट उशिरा होते. ताटात दूध-अंडी आहेत, पण शरीराच्या पदरात ब-१२ पडत नाही, अशी ही स्थिती आहे.

साठ्याचे गणित

मग त्रास लगेच का होत नाही? कारण यकृतात साठा असतो. रोजची गरज सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅमची असते आणि निरोगी, मिश्राहारी प्रौढाच्या शरीरात २ ते ५ मिलिग्रॅम साठा असू शकतो. उदाहरणासाठी धरू की शोषण पुरते थांबले आहे आणि उरलेल्या साठ्यातील हजारात दोन भाग रोज कमी होतात. नववी-दहावीच्या मुलांना हे चक्रवाढ व्याजाचे उलटे गणित म्हणून देता येईल. उत्तर असे येते की साठा दर वर्षाला साधारण निम्मा होतो.

सुरुवातीला ३००० मायक्रोग्रॅम असतील, तर वर्षाअखेर १५००, मग ७५०, मग ३७५, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी १९०च्या आसपास. साठा सुमारे ३०० मायक्रोग्रॅमच्या खाली गेला की लक्षणे दिसू लागतात असे मानले जाते. म्हणजे या माणसाला चौथे वर्ष लागेल. पण सुरुवातच १००० मायक्रोग्रॅमने झाली असेल तर? ५००, मग २५०. दुसऱ्या वर्षातच तो रेषेखाली जातो.

हा फरक आपल्याकडे महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास केला. त्यातील निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. शाकाहार, आणि त्यातही दूध बेताचे, हे त्याचे मोठे कारण. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध अनेक वर्षे घेतल्यानेही ब-१२ घटते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच ही पातळी तपासून घेणे श्रेयस्कर.

इतर घटकांची घड्याळे

प्रत्येक घटकाचे घड्याळ वेगळे चालते. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील तर तो पहिल्या काही महिन्यांतच संपू शकतो. तेव्हा दृष्टी दुहेरी होणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लोहाचे शोषण मुख्यतः आद्यांत्रात होते, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. पाळी येणाऱ्या स्त्रियांत लोहाची कमतरता काही महिन्यांतच जाणवू लागते : फिकट जीभ, चिरलेले ओठांचे कोपरे, दम लागणे. जस्त कमी पडले तर चव मंदावते.

तोंडाचा प्रत्येक त्रास जीवनसत्त्वांमुळेच होतो असे मात्र नाही. पाणी घोटघोट प्यावे लागत असल्याने तोंड कोरडे पडते. बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. वारंवार उलटी झाल्यास जठरातील आम्ल दातांवरच्या कवचाचे खनिज विरघळवते आणि दात शिवशिवतात. उलटीनंतर लगेच ब्रश केल्यास मऊ झालेले कवच आणखी झिजते. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

मुंबईतला एक शोध आणि एक सापळा

लूसी विल्स या इंग्लिश संशोधक डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांत आढळणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्या अभ्यास करत होत्या. यीस्टपासून बनवलेला ‘मार्माइट’ हा स्वस्त पदार्थ दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. हे नाव १९४१ मध्ये पडले; पालकाच्या पानांपासून तो वेगळा केला होता आणि लॅटिन भाषेत ‘फोलियम’ म्हणजे पान.

१९४०च्या दशकात फोलिक आम्ल औषध म्हणून मिळू लागले. ब-१२ तेव्हा हाती आलेले नव्हते, ते १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाले. घातक रक्तक्षयाच्या रुग्णांना फोलिक आम्ल दिल्यावर रक्त सुधारले, जीभही सुधारली. पण काही रुग्णांच्या हातापायांत मुंग्या येऊ लागल्या, चालणे बिघडले. कारण मज्जातंतूंच्या आवरणासाठी ब-१२च लागते, फोलिक आम्ल तिथे कामाला येत नाही.

सापळा आहे तो इथे. बी-कॉम्प्लेक्सच्या अनेक गोळ्यांत फोलिक आम्ल असते, आणि ब-१२ असले तरी बायपास झालेल्या माणसाला पुरेल एवढे असेलच असे नाही. चार गोळ्यांनी जीभ शांत होते, आपल्याला वाटते बरे झाले, आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. ती फार पुढे गेली तर पूर्ण भरून येत नाही. जीभ ही धोक्याची घंटा आहे. नुसती घंटा बंद करून आग विझत नाही.

उपाय साधा, पण आयुष्यभराचा

ब-१२ मोठ्या मात्रेत दिले तर त्याचा सुमारे शंभरावा भाग आंतरिक घटकाच्या मदतीशिवायही आतड्यातून झिरपतो. म्हणून रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते. नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन. याशिवाय लोह, कॅल्शियम, ड-जीवनसत्त्व, ब-१ यांची औषधे डॉक्टर ठरवून देतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहाही नको. पहिल्या वर्षात काही महिन्यांच्या अंतराने आणि पुढे दर वर्षी रक्ततपासणी करावी.

सगळ्यात अवघड असते ते सातत्य. वजन उतरले, तब्येत छान वाटू लागली की गोळ्या नकोशा होतात. साठा अजून शिल्लक असल्याने त्या सोडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो ‘उष्णता’ म्हणून सोडून दिला जातो. आपल्या सहकाऱ्यांत, नातेवाइकांत किंवा पालकांत अशी शस्त्रक्रिया झालेले कुणी असेल आणि तोंड येण्याची तक्रार करत असेल, तर त्यांना दोनच प्रश्न विचारावेत : गोळ्या चालू आहेत का, आणि ब-१२ची तपासणी शेवटची कधी केली? उत्तर समाधानकारक नसेल, तर दुकानातली गोळी सुचवण्याऐवजी डॉक्टरांकडे जायला सांगावे.