शीतयंत्रांतील बदलते वायू



सिल्वासाच्या बाजारपेठेत वैशाखातल्या दुपारी एखाद्या लहानशा दुकानाशी उभे राहिले असता जी मंद घरघर कानी पडते, ती दुकानदाराच्या चरितार्थाची घरघर आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. शीतपेयांचे कपाट, दुधाच्या पिशव्यांची पेटी, आइस्क्रीमचा डीप फ्रीझर, या साऱ्यांचे काम चालते ते तळाशी बसवलेल्या कम्प्रेसरवर. तो थांबला की काही तासांत माल नासू लागतो. अशाच एका प्रसंगी झालेले संभाषण माझ्या कानी आले. ‘मिस्त्री, गॅस कोणता भरता?’ दुकानदाराने विचारले. ‘शेठ, जुना गॅस महाग झालाय. दुसरा स्वस्तात भरून देतो. थंड होण्याशी मतलब!’ शेठजींनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात धोका कोणता होता, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. शीतयंत्रातला वायू हा दिव्यातल्या तेलासारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तो अखंड फिरत असतो. पेटीच्या आतील नळीत तो द्रवाचा वायू होतो व तसे होताना आतली उष्णता शोषून घेतो. कम्प्रेसर त्यास दाबून बाहेरील जाळीत ढकलतो. तेथे उष्णता टाकून तो पुन्हा द्रवरूप होतो. म्हणून ‘गॅस संपला’ याचा खरा अर्थ ‘नळी कोठेतरी गळते आहे’ असाच होय.

हा फिरता वायू कोणता असावा, याचे उत्तर गेल्या शतकभरात वारंवार बदलले. प्रारंभीचे वायू विषारी वा ज्वालाग्राही होते. पुढे आर-१२ हा न जळणारा व निर्विष वायू आला, त्याच्या जोडीला आर-२२ आला आणि प्रश्न मिटला असे वाटले. परंतु १९७४ मध्ये रोलंड व मोलिना या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या वर्गातील वायू उंच वातावरणात जाऊन फुटतात व त्यांतील क्लोरीन ओझोनचा संरक्षक थर कुरतडतो. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ओझोनची घट उघडकीस आली आणि १९८७ च्या सप्टेंबरात माँट्रियल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आर-१२ चा वापर आपल्याकडे २०१० पर्यंत बंद झाला. आर-२२ चा वापर पायऱ्यापायऱ्यांनी कमी होत असून २०२५ पासून नव्या यंत्रांच्या निर्मितीत तो वापरता येत नाही. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता तो काही काळ मिळेल. परंतु जी वस्तू आटत जाते ती महाग होते, हा बाजाराचा नियम येथेही लागू आहे.

त्यांच्या जागी आर-१३४ए व आर-४०४ए हे वायू आले. ओझोनला त्यांच्यापासून धोका नाही, पण पृथ्वी तापविण्यात ते फार पुढे आहेत. एक किलो आर-४०४ए हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा परिणाम सुमारे ३,९०० किलो कर्बवायूइतका होतो. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे माँट्रियल कराराला दुरुस्ती जोडण्यात आली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. तदनुसार या वायूंचा वापर २०२८ मध्ये ठरावीक मर्यादेवर रोखावयाचा, २०३२ पासून उतरवीत न्यावयाचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे.

आता कम्प्रेसरकडे वळू. प्रत्येक कम्प्रेसर विशिष्ट वायूसाठी घडविलेला असतो. त्याच्या पोकळीचे आकारमान, मोटारीची ताकद, दाब सोसण्याची क्षमता व आतील तेल, हे सारे त्या वायूला जुळते असते. आर-१२ बरोबर खनिज तेल चालत असे, आर-१३४ए त्यात मिसळत नाही. जुन्या तेलावर हा नवा वायू भरला, तर तेल नळ्यांत अडकून राहते, कम्प्रेसरकडे परतत नाही, आणि वंगणावाचून यंत्र जाम होते. नवे कृत्रिम तेल घालावे, तर ते हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. दमणगंगेकाठच्या पावसाळी हवेत अशा तेलाचा डबा उघडा ठेवणे म्हणजे कम्प्रेसरात पाणी ओतण्यासारखेच आहे.

मग पुढचा मार्ग कोणता? बर्फाच्या मोठ्या कारखान्यांत अमोनिया पूर्वीपासून चालतो. पुण्याजवळ हडपसर येथे किर्लोस्करांचे अमोनिया कम्प्रेसर बनतात. पण अमोनिया विषारी असून तांब्याला खातो, त्यामुळे दुकानातील लहान पेटीत त्याला स्थान नाही. कर्बवायूही वापरता येतो. परंतु ३१ अंशांवर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा त्याच्या बराच वर असतो. राहिला आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन. तो पृथ्वी जवळजवळ तापवीत नाही, थंडावाही उत्तम देतो. साताऱ्याकडील शिरवळ येथे गोदरेजने या वायूवरील वातानुकूलन यंत्रे बनविली आहेत. दुकानी पेट्यांतही तो येऊ लागला आहे.

परंतु प्रोपेन पेट घेतो. म्हणून पेटीतील त्याचे प्रमाण दीर्घकाळ १५० ग्रॅमपुरते मर्यादित होते. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा हा सुमारे शंभरावा भाग. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने ही मर्यादा, अधिक खबरदारीच्या अटींवर, सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत वाढविली. अशा पेटीतील विजेची बटणे ठिणगी बाहेर पडू नये अशी बनविलेली असतात. आर-२२ च्या जुन्या पेटीत ही सोय नसते. शिवाय त्या वायूला स्वयंपाकाच्या गॅससारखा वास नसतो, म्हणून गळती नाकाला कळत नाही. आज एका मिस्त्रीने जुन्या पेटीत प्रोपेन भरला व पाटी बदलली नाही, तर सहा महिन्यांनी दुसरा मिस्त्री त्याच नळीला निःशंकपणे ज्योत लावील. बिचाऱ्याला आपण कशाशी खेळतो आहोत, हे कळणारही नाही.

तेव्हा दुकानदार बंधूंनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पेटीवरील पाटीत लिहिलेलाच वायू भरून घ्यावा. वायू भरण्यापूर्वी गळती शोधून बुजविण्याचा आग्रह धरावा. आणि यंत्र फार जुने असेल, तर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा. मिस्त्री बंधूंनी जुना वायू हवेत न सोडता बाटलीत काढून घ्यावा. तो शुद्ध करून पुन्हा वापरता येतो.

नियम दूरच्या नगरांत ठरतात हे खरे, पण त्यांचा हिशोब चुकता होतो तो सिल्वासातील शेठजींच्या पेटीशी आणि मिस्त्रीच्या हातातील ज्योतीशी. म्हणून यापुढे ‘थंड होण्याशी मतलब’ हे वाक्य कानी आले, की मान डोलावण्यापूर्वी पेटीवरील पाटी वाचावी, एवढीच माझी विनंती आहे.