होर्ड म्हणजे नक्की किती?

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा गेम १९९९ साली आला. पंचवीस वर्षं उलटून गेली तरी लोक तो खेळतात. जुन्या मशीनवर चालतो, एकाच कीबोर्डवर पाळीपाळीने खेळता येतो, म्हणून होस्टेलला सोयीचा. पण सोयीचे गेम पुष्कळ असतात, ते महिन्याभरात शिळे होतात. हा का होत नाही?

वाट अडवून बसलेल्या ग्रिफिनांवर राइट क्लिक करून बघा. आकडा दिसत नाही, शब्द दिसतो. 'लॉट्स' म्हणजे २० ते ४९, 'होर्ड' म्हणजे ५० ते ९९, 'थ्रॉन्ग' म्हणजे १०० ते २४९. आता ५५ असतील तर आपण जिंकू, ९५ असतील तर हीरो गेला! भिडायचं की वळसा घालायचा? अंदाज करावाच लागतो, पण तो आंधळा नसतो.

मित्रांनो, असाच अंदाज आपल्याच जिल्ह्यात असईला खऱ्या रणांगणावर झाला होता. शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर २४ सप्टेंबर १८०३ रोजी स्टीव्हन्सनच्या तुकडीसह हल्ला करायचा, असा वेलस्लीचा बेत होता. पण २३ तारखेलाच केळणा नदीपलीकडे अख्खी फौज समोर दिसली आणि स्टीव्हन्सन तर लांब. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. येण्याजाण्याची सोय असल्याशिवाय लोक अशी गावं वसवतील का? उतार सापडला. तिथून बाजूने घुसून मारायचं ठरलं, तर शिंद्यांच्या कवायती पलटणींनी झटक्यात तोंड वळवलं. हे त्याला अपेक्षित नव्हतं. लढाई तो जिंकला खरा, पण त्याचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले.

गेममध्ये दुसऱ्या प्रकारचंही गूढ असतं, नियमांचं. ब्लॅक ड्रॅगनवर कुठलाच मंत्र चालत नाही, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा धक्का बसतो. दुसऱ्यांदा ती नुसती माहिती. आता तर मोबाईलवर दोन मिनिटांत सगळे तक्ते मिळतात, त्यामुळे या गूढावर विसंबलेला गेम फार टिकत नाही. 'हीरोज'मध्ये जादूशाळेत कुठले मंत्र मिळतील ते दर डावाला बदलतं. ग्रेल कुठे पुरलाय ते ओबेलिस्क शोधत फिरल्यावर तुकड्यातुकड्याने उलगडतं. शत्रूची खबर टॅव्हर्नमध्ये मिळते. टॅव्हर्नवाली शहरं जास्त, तर खबरही जास्त. म्हणजे अज्ञान कमी करता येतं, फुकट नाही. सगळंच फाशांवर सोडलं तर तो जुगार झाला, त्यात गूढ कसलं?

सेमिस्टरभर चालणारी मोहीम आखायची असेल तर नकाशा एकाने बनवावा आणि त्याने स्वतः खेळू नये. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवायला जो युद्धखेळ वापरायचे, त्यात हेच होतं: पूर्ण चित्र फक्त पंचाकडे, खेळणाऱ्याला त्याच्या सैन्याला दिसेल तेवढंच. एडिटर गेमसोबतच येतो, वेगळा शोधावा लागत नाही.

आणि लढाईआधी सेव्ह करून, हरलं की लोड मारणाऱ्या महाभागांना त्या आठवड्यात पाळी देऊ नये.