शास्त्रीय कारण द्या

दहावीतल्या पुतणीने विचारले, "चाचा, मुलगा की मुलगी हे पित्यामुळे ठरते. शास्त्रीय कारण काय लिहू?"

मी बी.ए. झालेला कवी, तिचेच पुस्तक उघडले. श्रोतेहो, प्रश्नच फिरवून लिहिला तर गुण जातात. कारण पायरीपायरीने मांडावे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. त्यांतली लिंगगुणसूत्रे स्त्रीत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. म्हणून अंडपेशीत नेहमी एक्सच. शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. एक्स मिळाला तर मुलगी, वाय मिळाला तर मुलगा. सोबत आकृती काढावी. यात दोष वडिलांचाही नाही. तो निव्वळ योगायोग.

पुतणीने वही मिटली. मला मात्र माझ्याआधीच्या चार मुलींपायी टोमणे ऐकणारी अम्मी आठवली. तेव्हा घरात हे उत्तर कुणालाच येत नव्हते.