जन्मतारीख नव्हे, गंगाजळी पाहा

‘‘या वयात एवढं मोठं ऑपरेशन झेपेल का हो?’’ घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कर्करोग निघाला, की मुलं-सुना हमखास हा प्रश्न विचारतात. मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे तो बहुतेक वेळा माझ्यापाशीच येतो. त्यामागची काळजी खरी असते. पण सगळा भर असतो तो वयाच्या आकड्यावर, आणि तो आकडा एकट्यानं फार थोडं सांगतो.

माझ्याकडच्या दोन रुग्णांचंच पाहा. एक आजी, वय ८१, मोठ्या आतड्याचा कर्करोग. रोज देवळापर्यंत पायी जाणाऱ्या, स्वतःची पोळी-भाजी स्वतः करणाऱ्या. दुसरे काका ६६ वर्षांचे, रोग तोच. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलेलं, हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही आणि विडी काही सुटलेली नाही. घरच्यांना धास्ती आजींची होती, मला काकांची.

ई.सी.जी., रक्ताच्या तपासण्या, छातीचा फोटो हे सगळं हवंच. पण त्यातून एकेक अवयव कळतो, माणूस कळत नाही. मोठी शस्त्रक्रिया म्हणजे संसारात अचानक आलेला मोठा खर्च. तो पेलण्याइतकी गंगाजळी शरीरात शिल्लक आहे का, हे पाहावं लागतं.

ते पाहण्याच्या रीती साध्या आहेत. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. ही चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका अधिक समजतात. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून घड्याळाचं चित्र काढायला लावलं, की स्मरणशक्तीचा अंदाज येतो. ‘जी-८’ नावाची आठ प्रश्नांची एक यादी आहे. तीत भूक, वजन, हालचाल, औषधांची संख्या असं सारं विचारतात. १७ पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण पडले, तर सविस्तर तपासणी करावी असा संकेत आहे.

अशा तपासणीचा निकाल म्हणजे ‘पास’ किंवा ‘नापास’ नव्हे. काकांचं आतडं तुंबलेलं नव्हतं, म्हणून सर्जननी चार आठवडे दिले. तेवढ्या दिवसांत विडी बंद, आहारात अंडी-डाळी-दूध, रक्त वाढवायला लोहाची औषधं, रोज चालणं आणि श्वासाचे व्यायाम. त्यानंतर ऑपरेशन झालं. घरी जायला त्यांना वेळ लागला, पण ते आपल्या पायांनी गेले.

आजींचं ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं, तरी दोन रात्री त्यांना भ्रम झाला. नातवाला त्या भाऊ समजत होत्या. वयस्कर रुग्णांत हे पुष्कळदा घडतं. अशा वेळी चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी असावं, ओळखीचं माणूस उशाशी असावं. तिसऱ्या दिवशी त्या सावरल्या.

या सगळ्यात एक तपासणी मात्र कुठल्याच यंत्रावर होत नाही. मुलगा मला बाहेर गाठून म्हणाला, ‘‘आईला काही सांगू नका.’’ मी त्याला समजावलं आणि त्याच्यासमोरच आजींना विचारलं, ‘‘तुम्हाला काय हवंय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पोटावर पिशवी लागली, तर ती माझी मला बदलता येईल ना? मग करा. कुणावर भार नको.’’ मुलगा खाली मान घालून ऐकत होता. आईला आजार केव्हाच कळला होता.

वाचकहो, अशी वेळ आपल्या घरी आली, तर डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी न्या, गेल्या सहा महिन्यांत वजन किती घटलं ते लिहून न्या, घरात कधी पडणं झालं असेल तर तेही सांगा. तयारीला किती दिवस मिळतील आणि घरी परतल्यावर स्वतःचं स्वतः किती करता येईल, हे जरूर विचारा. आणि हे बोलणं चाललेलं असताना ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका.